रुपेरी गांवाचा उदयास्त

राणीचें चित्र असलेला जुना रुपया पुष्कळ घरांत अजून जपून ठेवलेला असतो. कोठें तो लक्ष्मीपूजनाच्या ताटापुरता बाहेर निघतो, तर कोठें आजीच्या पेटीच्या तळाशीं वर्षानुवर्षें पडून असतो. त्याचें वजन बरोबर एक तोळा भरतें. सोनारहि पूर्वीं तागडींत वजन म्हणून रुपयाच घालीत. बारांत अकरा भाग शुद्ध चांदी आणि एक भाग हीण अशी त्याची घडण असे. इ. स. १८९३ च्या जून महिन्यापर्यंत या रुपयाची किंमत आणि त्यांतील चांदीची किंमत या दोन गोष्टी जवळजवळ एकच होत्या. २६ जून १८९३ या दिवशीं सिमल्यास मंजूर झालेल्या एका कायद्यानें त्यांची फारकत केली. या फारकतीचा धक्का हिंदुस्थानांतील शेतकऱ्यास व सराफास कसा बसला, हें अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून वाचावयास मिळतें. परंतु तोच धक्का पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला पोंचून एका डोंगरमाथ्यावरचें तीन हजार वस्तीचें गांव पाहतां पाहतां रिकामें झालें, ही हकीकत सहसा कोणाच्या कानांवर येत नाहीं. त्या गांवाचें नांव ग्रॅनाइट.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वायव्येकडे, कॅनडाच्या सरहद्दीस लागून, माँटाना नांवाचें संस्थान आहे. रॉकी पर्वताच्या रांगा त्याच्या पश्चिम भागांतून गेलेल्या आहेत. त्या रांगांत फ्लिंट क्रीक नांवाच्या ओढ्याच्या खोऱ्यांत फिलिप्सबर्ग हें लहानसें शहर असून तेथून थोड्याच मैलांचा खडा चढ चढून गेलें म्हणजे ग्रॅनाइटची जागा लागते. उंची सात हजार फुटांहून अधिक. म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्याहि वर अडीच हजार फूट. वर्षांतून निम्मेअधिक काळ बर्फ. शेती नाहीं, कुरण नाहीं, प्यावयास पाणी नाहीं. अशा जागीं मनुष्यानें वस्ती करण्याचें एकच कारण असूं शकतें, आणि तें जमिनीच्या पोटांत होतें.

या खोऱ्यांत चांदी असल्याचा शोध हेक्टर हॉर्टन नांवाच्या एका खनिजशोधकास १८६५ सालीं लागला. दोन वर्षांनीं खालच्या गांवांत खनिज कुटण्याची पहिली गिरणी उभी राहिली. ती उभारण्यास आलेला फिलिप डायडेशायमर हा जर्मन इंजिनीअर खाणींच्या धंद्यांत प्रसिद्ध होता. नेव्हाडांतील कॉमस्टॉकच्या प्रचंड खाणींत छत कोसळून माणसें मरत, तेव्हां १८६० सालीं त्यानें लांकडाचे चौकोनी सांगाडे मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें एकावर एक रचून खाण सांवरून धरण्याची युक्ति काढली होती. तिचा मक्ता त्यानें घेतला नाहीं; जगानें ती फुकट वापरली. नव्या गांवास या गृहस्थाचें नांव द्यावयाचें ठरलें, पण आडनांव उच्चारावयास जड; म्हणून पाळण्यांतलें नांव घेऊन गांव फिलिप्सबर्ग झालें. उपकाराची फेड अशी अर्ध्या नांवानें झाली म्हणावयाची!

वरच्या डोंगरांतील खाण प्रथम १८७२ सालीं कोणी नोंदली, सोडून दिली, आणि १८७५ त ती पुन्हा नोंदली गेली. तिचें खरें मोल चार्ल्स मॅक्लुअर या मनुष्यास समजलें. तो खालच्या गिरणीचा व्यवस्थापक होता. वरून आलेल्या दगडांत त्यास माणकासारखी गडद तांबडी झांक दिसली. शुद्ध चांदी पांढरी असते हें मुलांसहि ठाऊक आहे. पण निसर्गांत ती पुष्कळदां गंधक व अँटिमनी यांच्याशीं संयोग पावून अशा तांबड्या रूपांत राहते, आणि खाणवाले त्या खनिजास ‘माणिक-चांदी’ म्हणतात. जाणत्याला तो दगड पाहूनच लोभ सुटावा. मॅक्लुअरनें सेंट लुई शहरांतील धनिकांकडून भांडवल उभें केलें, कंपनी निघाली, आणि डोंगरांत बोगदे खणण्यास आरंभ झाला.

परंतु खाणीचें काम म्हणजे आंधळ्यानें भिंत चांचपणें. शीर पुढें आहे कीं संपली, हें खणल्यावांचून कळत नाहीं आणि खणावयास रोज पैसा लागतो. १८८२ च्या अखेरीपर्यंत पैसा भरपूर ओतला गेला, हातीं फारसें आलें नाहीं, आणि भागीदारांचा धीर सुटला. काम थांबवा, अशी तार त्यांनीं पाठविली. हिमवादळामुळें ती तार वेळेवर पोंचली नाहीं. आणि शेवटच्या पाळींतील शेवटच्या सुरुंगानें भिंत फुटली ती थेट चांदीच्या भांडारांत, अशी कथा त्या भागांत सांगतात. अशा कथा बहुतेक सर्व खाणींच्या गांवांत ऐकूं येतात, तेव्हां वादळाचा व तारेचा भाग कितपत खरा मानावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. भांडार सांपडलें एवढें मात्र निश्चित. पुढील दहा वर्षें ग्रॅनाइट माउंटन ही जगांतील संपन्न चांदीच्या खाणींत गणली जात होती, आणि शेजारच्या बायमेटॅलिक कंपनीनेंहि त्याच शिरेवर आपलें भाग्य उभें केलें. ‘बायमेटॅलिक’ म्हणजे द्विधातुक. सोनें आणि चांदी हीं दोन्ही चलनाचा पाया असावींत, या मताचें तें नांव. खाणीला अर्थशास्त्राच्या वादांतील शब्दाचें नांव मिळावें, यावरून त्या वादाशीं तेथील लोकांची भाकरी किती जखडलेली होती तें ध्यानांत येईल.

खडकांतून चांदी निघते कशी, हें थोडें पाहिल्यावांचून त्या गांवाचा खर्च व पसारा समजणार नाहीं. खाणींतून आलेला दगड प्रथम वाळवीत आणि मग लोखंडी मुसळांखालीं घालीत. आपल्या घरचें उखळ-मुसळच, मात्र कित्येक मण वजनाचें. अशीं मुसळें ओळीनें उभीं असत आणि वाफेच्या यंत्रानें आळीपाळीनें उचललीं जाऊन दाणदाण खालीं पडत. रात्रंदिवस हा आवाज चाले. तो क्वचित् थांबला तर गांवांतील माणसें झोंपेंतून जागीं होत, असें खाणींच्या गांवांविषयीं नेहमीं म्हणतात. गिरणगांवांत राहिलेल्या माणसास तें पटेल. कुटून झालेल्या भुकटींत मीठ मिसळून ती फिरत्या भट्टींत भाजीत. या उष्णतेनें गंधक निघून जातो आणि मिठांतील क्लोरीन चांदीला जाऊन मिळतो. मग ती भाजलेली भुकटी मोठ्या लोखंडी पातेल्यांत पाणी व पारा घालून घुसळावयाची. पारा चांदीला आपल्यांत ओढून घेतो. हा त्याचा गुण मुलामा देणाऱ्या आपल्या कारागिरांस पूर्वापार ठाऊक आहे. तो लोण्यासारखा गोळा जाड कापडांतून पिळून बंद भांड्यांत तापवला कीं पारा वाफ होऊन निघून जातो, थंड करून पुन्हा वापरतां येतो, आणि मागें चांदी राहते. तिच्या विटा ओतीत. सगळाच पारा परत मिळतो असें नाहीं. कांहीं ओढ्यांत जातो, कांहीं कामगारांच्या अंगांत. या दुसऱ्या भागाचा हिशेब कंपनीच्या वह्यांत सांपडत नाहीं.

या सर्वाला लांकूड लागे. यंत्राच्या बाष्पकास लांकूड, भट्टीस लांकूड, बोगद्यांस टेकू म्हणून लांकूड, घरांस लांकूड आणि हिवाळ्यांत शेकावयासहि लांकूड. भोंवतालचे उतार बोडके झाले. पाणी कित्येक मैलांवरच्या फ्रेड बर नांवाच्या तळ्यांतून पन्हळीनें आणीत. मीठ, पारा, पीठ, दारूगोळा हें सर्व चढावरून गाड्यांनीं यावयाचें. म्हणजे चांदीचा एक तोळा बाजारांत जाण्यापूर्वींच त्याच्यावर बराचसा खर्च चढलेला असे. हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे, कारण पुढें जें घडलें त्याचें बीज येथेंच आहे.

गांव मात्र भरभराटलें. १८९० च्या सुमारास तेथें तीन हजारांवर माणसें राहत होतीं. आयर्लंडहून, कॉर्नवॉलहून, फिनलंडहून आलेले खाणकामगार. धुलाई व खाणावळी चालविणारे चिनी. दुकानदार, डॉक्टर, उपाध्याय, मद्यविक्रेते. फिन लोकांची एक गल्ली त्यांच्याच नांवानें ओळखली जाई. व्यवस्थापकाचें पक्क्या दगडी बांधणीचें घर साहेबांच्या आळींत होतें. इस्पितळ होतें, शाळा होती, देवळें होतीं, वर्तमानपत्र निघत होतें. खाणकामगारांच्या संघानें १८९० सालीं स्वतःची तीन मजली इमारत उभारली. तींत खेळाच्या खोल्या होत्या, नाचाचें दालन होतें, सभागृह होतें. दिवसास तीनचार डॉलर मजुरी मिळविणारे हे लोक. मजुरांनीं वर्गणी काढून असें मंदिर बांधावें, हें त्या काळीं थोडें नव्हे. एक गोष्ट मात्र ग्रॅनाइटमध्यें नव्हती, ती म्हणजे स्मशानभूमि. खडक इतका कठीण कीं खड्डा खणतां येत नसे. ज्या डोंगरांत शेंकडों फूट बोगदे गेले होते, त्यांतच माणसास पुरण्यास सहा फूट जागा मिळूं नये! मेलेल्यास खालीं फिलिप्सबर्गला नेत.

मार्च १८९३ मध्यें या भागाचा नवा जिल्हा करण्यांत आला आणि खाणीवरूनच त्यास ग्रॅनाइट हें नांव मिळालें. सर्व कांहीं ठीक चाललें आहे असें वाटण्याजोगा तो काळ. पण चांदीचा भाव वीस वर्षें घसरत होता.

पूर्वीं साडेपंधरा-सोळा भार चांदी म्हणजे एक भार सोनें असें प्रमाण पुष्कळ काळ टिकून होतें. तें टिकण्याचें कारण असें कीं, कित्येक राष्ट्रांच्या टांकसाळी दोन्ही धातु ठराविक प्रमाणांत घेऊन नाणें पाडून देत. जर्मनीनें फ्रान्सवरील विजयानंतर, १८७१ ते १८७३ या काळांत, सोन्याचें चलन स्वीकारलें आणि जुनें रुपें विकावयास काढलें. अमेरिकेनें १८७३ च्या नाणेकायद्यांतून चांदीचा डॉलर गाळला. फ्रान्स व त्याच्या मित्रराष्ट्रांनीं त्याच दशकांत चांदीचीं मोठीं नाणीं पाडणें बंद केलें. इकडे गिऱ्हाइकें कमी होत होतीं, आणि तिकडे नेव्हाडा, कोलोरॅडो, माँटाना येथून चांदीचा लोट येत होता. भाव पडणें क्रमप्राप्तच होतें. खाणींच्या संस्थानांनीं आपल्या सरकारावर दडपण आणून १८७८ त एक आणि १८९० त शर्मन यांच्या नांवानें ओळखला जाणारा दुसरा, असे कायदे करून घेतले. शर्मन कायद्यानें सरकारानें दरमहा पंचेचाळीस लक्ष औंस चांदी विकत घ्यावयाची होती. १८९० च्या ऑगस्टांत भाव औंसास एक डॉलर वीस सेंटांपर्यंत चढला, आणि मग पुन्हा उतरूं लागला. सरकारी खरेदीचा टेकू लावून वर धरलेली ती किंमत होती. असे टेकू खाणींत चालतात, बाजारांत फार दिवस चालत नाहींत.

या पडत्या बाजारांत एक मोठें गिऱ्हाईक अजून उभें होतें. तें हिंदुस्थान. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळी सर्वांस खुल्या होत्या. कोणीहि चांदीच्या विटा घेऊन जावें, थोडी घडणावळ द्यावी आणि तितक्या भाराचे रुपये घेऊन यावें. मुंबईच्या कोटांतील टांकसाळ इ. स. १८३० च्या सुमारास चालूं झाली. तेव्हांपासून झवेरी बाजारांतील पेढ्यांचा हा नित्याचा व्यवहार होता. लंडनच्या बाजारांत चांदी स्वस्त झाली कीं ती बोटींत भरून मुंबईस यावयाची आणि तिचे रुपये व्हावयाचे. खेड्यापाड्यांतून हे रुपये साचत, त्यांचेच तोडे, वाळे, गोठ होत, आणि अडचण आली कीं त्यांचे पुन्हा रुपये होत. माँटानांतील कामगारास मुंबई हें नांव ठाऊक असो वा नसो, त्यानें काढलेल्या धातूला शेवटीं थारा मिळे तो बऱ्याच अंशीं अशा पेट्यांतून व अशा हातापायांवर.

हिंदुस्थान सरकारास मात्र ही गोष्ट परवडेनाशी झाली. सरकारचें उत्पन्न रुपयांत आणि विलायतेंतील खर्च पौंडांत. कर्जाचें व्याज, पेन्शनें, रेल्वेची हमी, लष्कराचा आकार, हा सर्व खर्च सोन्यांत चुकवावा लागे. १८७० च्या सुमारास रुपयाची हुंडणावळ सुमारें २३ पेन्स होती. म्हणजे एका पौंडास साडेदहा रुपयांच्या आंत पडत. १८९२-९३ त ती १५ पेन्सांवर उतरली आणि त्याच पौंडास सोळा रुपये मोजावे लागूं लागले. जादा रुपये येणार ते रयतेच्या करांतून. लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखालीं लंडनला कमिटी बसली, तिनें ३१ मे १८९३ रोजीं आपला अहवाल दिला, आणि २६ जून रोजीं कायद्याचा मसुदा सिमल्यास कौन्सिलापुढें येऊन त्याच दिवशीं मंजूर झाला. खासगी लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडणें त्या दिवसापासून बंद. सरकारानें रुपयांचा पुरवठा आंखडता घेऊन त्यांची किंमत चढवावी, सोळा पेन्सांपर्यंत न्यावी, असा हेतु होता. तो १८९८ सालीं साधला. मधल्या काळांत रुपया तेरा पेन्सांपर्यंत खालींच गेला होता.

ही बातमी तारेनें जगभर गेली. अमेरिकेंत चांदीचा भाव औंसास ८३ सेंट होता, तो चार दिवसांत ६२ सेंटांवर आला. जूनच्या अखेरीस कोलोरॅडोंतील खाणवाल्यांनीं खाणी बंद करण्याचें ठरविलें. ग्रॅनाइटवर जुलै महिना अनिश्चिततेंत गेला. १ ऑगस्ट १८९३ रोजीं कंपनीकडून काम बंद करण्याचा हुकूम आला. यंत्र चालविणाऱ्या कामगारानें भोंग्याची दोरी खालीं ओढून बांधून टाकली, आणि बाष्पकांतील वाफ सरेपर्यंत भोंगा एकसारखा ओरडत राहिला, असें सांगतात. रोज पाळीची वेळ सांगणारा तो भोंगा. त्या दिवशीं त्याला सांगण्यास वेळच उरली नव्हती. मग माणसें निघालीं. गाड्या, हातगाड्या, खेंचरें, पाठीवरची वळकटी, कडेवर मूल. जें नेतां आलें तें नेलें, बाकीचें जागच्या जागीं टाकलें. चढून येतांना जी वाट कित्येकांस स्वर्गाच्या पायरीसारखी वाटली असेल, तिच्यावरून ही दिंडी उतरत खालीं गेली. एका दिवसांत गांव बहुतेक ओस पडलें. फिलिप्सबर्गला काम मिळण्यासारखें नव्हतें, कारण तेथील गिरण्याहि त्याच चांदीवर चालत.

इंग्रजींत अशा गांवांस भुतांचीं गांवें म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांतून वस्ती उठलेल्या गांवापुढें ‘बेचिराख’ असा शेरा असे. ज्यांत दिवा लागत नाहीं तें बेचिराख. तो शब्द येथें अधिक शोभतो.

सिमल्याच्या एका कायद्यानेंच ग्रॅनाइट मारलें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. अमेरिकेंत त्या वर्षाच्या आरंभापासूनच मोठें आर्थिक संकट आलें होतें. आगगाड्यांच्या कंपन्या दिवाळखोर होत होत्या, पेढ्या बुडत होत्या. अध्यक्ष क्लीव्हलंड यांचें मत असें कीं, या सर्वांचें मूळ सरकारच्या चांदीखरेदींत आहे. त्यांनीं ७ ऑगस्टला काँग्रेसची खास बैठक बोलाविली आणि १ नोव्हेंबर रोजीं शर्मन कायद्यांतील खरेदीचें कलम रद्द झालें. ग्रॅनाइटचें गांव तोंपर्यंत तीन महिने रिकामेंच होतें. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळी खुल्या राहिल्या असत्या, तरीहि हा दुसरा घाव बसलाच असता. परंतु पहिला आघात कोणता आणि कोणत्या दिशेनें आला, याविषयीं तारखाच साक्ष देतात. त्या गांवांतील कोणीहि मनुष्य आळशी नव्हता, खाण रिती झाली नव्हती, दगडांत माणिक-चांदी तशीच चमकत होती. औंसामागें वीस सेंट कमी झाल्याबरोबर तीच चांदी काढण्यासारखी राहिली नाहीं. कारण लांकूड, मीठ, पारा व मजुरी यांचा भाव सिमल्यास ठरत नव्हता.

या हकीकतीची दुसरी बाजू महाराष्ट्राच्या अंगणांतली आहे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळांत दख्खनच्या शेतकऱ्यांनीं अंगावरची चांदी मोडली. ते तोडे, त्या सऱ्या सावकारांच्या व सराफांच्या हातून मुंबईच्या टांकसाळींत गेल्या, आणि टांकसाळ खुली असल्यामुळें तोळाभर चांदीला रुपयाच्या जवळपास किंमत उभी राहिली. १८९६-९७ सालीं पुन्हा दुष्काळ पडला. या वेळीं टांकसाळीचें दार बंद. सोळा आण्यांच्या रुपयांत जेवढी चांदी, तेवढीच चांदी दागिना म्हणून विकावयास नेली तर दहाबारा आणे हातीं पडत. तीन वर्षांनीं, १८९९-१९०० त, त्याहूनहि मोठा दुष्काळ आला तेव्हांहि तीच स्थिति. शेतकऱ्याची बचत बँकेंत नव्हती, बायकोच्या पायांत होती. आणि तिचा चौथा-तिसरा हिस्सा न चोरतां नाहींसा झाला होता. सरकारी नोकराचें विलायतेस जाणारें पेन्शन सुरक्षित झालें, अंदाजपत्रक सांवरलें, हें खरें. दादाभाई नौरोजी, दिनशा वाच्छा यांच्यासारख्या मंडळींनीं या चलननीतीवर टीका केली, तिचा रोख या दुसऱ्या पारड्याकडे होता. ग्रॅनाइटचा खाणकामगार आणि सोलापूर-नगरकडील कुणबी यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. एकाची मजुरी आणि दुसऱ्याची ठेव मात्र एकाच धातूंत होती.

ग्रॅनाइट अगदींच मेलें नाहीं. १८९८ सालीं दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि कमी माणसांत, कमी खर्चांत काम पुन्हा सुरू झालें. लांकडाऐवजीं विजेचें बळ वापरावें म्हणून फ्लिंट क्रीक अडवून धरण बांधलें. त्यानें झालेल्या जॉर्जटाउन तळ्यावर आज लोक मासे धरावयास येतात. खाणींचें पहिलें वैभव परत आलें नाहीं. १९०५ च्या सुमारास मोठें काम पुन्हा थांबलें. पहिल्या महायुद्धांत पोलाद बनविण्यास लागणारें मँगॅनीज फिलिप्सबर्गच्या खाणींतून निघालें, म्हणून खालचें शहर जगलें. डोंगरमाथ्यावरच्या घरांस त्याचा उपयोग झाला नाहीं.

त्याच युद्धानें एक विलक्षण फेरा पुरा केला. हिंदुस्थानांतून लष्करासाठीं माल व माणसें जात होतीं आणि त्यांबद्दल रुपये मोजावयास सरकारजवळ चांदी उरली नाहीं. १८९३ पासून रुपये पाडण्याचें काम फक्त सरकारच्या मर्जीचें होतें, आणि आतां त्या मर्जीला धातु मिळेना. एक रुपयाच्या व अडीच रुपयांच्या नोटा काढाव्या लागल्या. १९१८ सालीं लोक नोटा वटवून रुपये मागूं लागले. तेव्हां अमेरिकेनें २३ एप्रिल १९१८ रोजीं पिटमन यांचा कायदा करून आपल्या खजिन्यांतले जुने चांदीचे डॉलर वितळविले. सुमारें सत्तावीस कोट. त्यांतील जवळजवळ सव्वीस कोट डॉलरांची चांदी औंसास एक डॉलर या दरानें हिंदुस्थानासाठीं विकली गेली. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत तिच्यावर पंचम जॉर्जचा छाप पडला. १८७८ आणि १८९० च्या कायद्यांनीं पश्चिमेच्या खाणींतून विकत घेतलेली ती चांदी. तींत ग्रॅनाइटचा वांटा किती होता हें वितळलेल्या धातूवरून ओळखणें शक्य नाहीं. परंतु पंचवीस वर्षांपूर्वीं ज्या टांकसाळीचें दार लागल्यामुळें गांव उठलें, त्याच दारांतून ती आंत गेली.

डोंगरावर त्यानंतर एकएक करून घरें कोसळलीं, कांहीं जळलीं, कांहींचें लांकूड खालच्या लोकांनीं नेलें. १९६० नंतरच्या दशकांतहि एक वृद्ध स्त्री रखवालदार म्हणून तेथें एकटी राहत असे. ती गेल्यावर कोणीच उरलें नाहीं. व्यवस्थापकाचें दगडी घर आणि खाणकामगारांच्या संघाची इमारत, म्हणजे तिच्या भिंती, एवढें माँटाना संस्थानानें उद्यान म्हणून जतन केलें आहे. उन्हाळ्यांत फिलिप्सबर्गहून मोटार वर जाते. हिवाळ्यांत बर्फामुळें वाट बंद असते. बोडके झालेले उतार पुन्हा हिरवे झाले आहेत, आणि एके काळीं जेथें रस्ते होते तेथें देवदारासारखीं उंच झाडें दाट वाढलीं आहेत.